बाळकृष्णरावांच्या खांबाखाली

बाळकृष्णराव खांबावरून उतरायच्या आधी त्यांचं एखादं हत्यार उतरत असे. कधी पक्कड, कधी पाना, एकदा तर ग्रीसचा अर्धा भरलेला डबा. खाली उभा असलेला साईराम ती वस्तू उचली, पँटला पुसून पिशवीत टाकी आणि वर बघून म्हणे, "मामा, माझेंच चुकलें. दोर ओढला गेला."

वरून आवाज येई, "लक्ष कोठें असतें रे तुझें?"

"चुकलें, मामा."

एवढं झालं की काम पुढे चालू होई. दोराचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नसे. दोर बिचारा खांबाला टेकून गुमान लोंबत असे.

बाळकृष्णराव तंजावूरला वीज मंडळाच्या एका सेक्शन ऑफिसात लाइन इन्स्पेक्टर होते. गावातले लोक त्या जागेला करंट ऑफिस म्हणतात, आणि करंट गेला की आणखीही काही म्हणतात. त्यांच्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. लाइन इन्स्पेक्टरने खाली उभं राहून काम करवून घ्यावं, वर वायरमनने चढावं, अशी खात्याची रीत आहे. बाळकृष्णरावांना ती रीत पसंत होती, फक्त ती इतर लाइन इन्स्पेक्टरांसाठी आहे असं ते धरून चालत. आपल्या घराण्याचा मूळ पुरुष मराठी राजांच्या हत्तीखान्यावर होता, असं ते अभिमानाने सांगत. मूळ पुरुष हत्तीवर बसे, हे खांबावर बसत. खाली उभ्या माणसांकडे बघायची दोघांची दृष्टी एकच असावी.

साईराम त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, आणि त्याच ऑफिसात वायरमन. तंजावूरच्या मराठी घरांत मामाची मुलगी भाच्याला देण्याची चाल अजून कुठे कुठे टिकून आहे. त्यामुळे मामांची संगीता त्याची बायको झाली आणि मामा सासरे झाले. जावयाचा मान मात्र त्याच्या वाट्याला आला नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला भागीरथीमामी कौतुकाने "जावईबापू" म्हणायला गेली, तर बाळकृष्णराव म्हणाले, "ह्याला चड्डी घालायला मीं शिकवलें. बापू कसला?" तेव्हापासून तो लहानपणचा सायीचा सायीच राहिला. मामापुढे मान वर करायची नाही हे लहानपणचं वळण, सासऱ्याला उलट बोलायचं नाही हे लग्नानंतरचं. वर ऑफिसात ते साहेब. तिन्ही मिळून साईरामच्या तोंडाला पक्कं कुलूप लागलं होतं.

आता खांबाखाली उभं राहण्याची गोष्ट. वर माणूस काम करत असताना बुंध्याशी कोणी थांबायचं नाही, हा साधा नियम. लागेल ती वस्तू कॅनव्हासच्या पिशवीत घालून दोराने वर पाठवायची, नको ती तशीच खाली घ्यायची, आणि दोर धरणाऱ्यानेही चांगलं अंतर राखायचं. सेक्शनमधल्या प्रत्येकाला हा नियम बाळकृष्णरावांनीच शिकवला होता. नवा माणूस आला की ते त्याला पहिल्या दिवशी खांबापाशी नेत, काठीने बुंध्याभोवती मोठं रिंगण काढत आणि तमिळमध्ये सांगत, "याच्या आत पाय टाकलास तर वरून काही पडायची वाट बघणार नाही. मीच डोकं फोडीन."

ते स्वतः वर असले की मात्र रिंगण काढत नसत. नोकरीच्या पहिल्या पंचवीस वर्षांत त्यांच्या हातून एक नटसुद्धा खाली पडला नव्हता, आणि हे अगदी खरं आहे. त्यांच्या बोटांना जणू चीकच लावलेला असे. मग हळूहळू सेक्शनमध्ये एक विचित्र चाल पडली. दुसरा कोणी वर असला की सगळे लांब. बाळकृष्णराव वर असले की सगळे बुंध्याशी, मान वर करून, देवदर्शनाला आल्यासारखे. कोणी चुकून लांब राहिलाच तर वरून विचारणा होई, "का रे, माझ्यावर भरवसा नाही?" त्यांच्याखाली उभं राहणं हा त्यांना केलेला नमस्कार होता, आणि न राहणं हा अपमान. सुरक्षेचा नियम ज्याने शिकवला, त्याच्यापुरताच तो मोडायचा, असा हा आदर होता. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नाही. मोठ्या माणसाचा मान राखायचा म्हटलं की आपल्या लोकांची बुद्धी अशीच चालते.

मग दोन हजार अठराच्या नोव्हेंबरात गज नावाचं वादळ आलं. कावेरीच्या मुखाकडचे नारळ आणि विजेचे खांब एका रात्रीत आडवे झाले. बाळकृष्णराव माणसं घेऊन पट्टुकोट्टैच्या बाजूला गेले आणि तिकडेच राहून खांब उभे करत राहिले. एका गावात तारा पेलणारा आडवा लोखंडी क्रॉस आर्म दोराने वर चढवत होते. गावकरी उत्साहाने रिंगणात घुसले. एकाला बाहेर ढकलायला बाळकृष्णराव आत गेले आणि तेवढ्यात दोराची गाठ सरकली. आर्म त्यांच्या उजव्या खांद्यावर आला. गावकरी वाचला, आणि त्याने बाळकृष्णरावांना दोन शहाळी आणून दिली. त्यांनी खांद्याला बाम चोळला, शहाळी प्यायली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खांब गाठला. डॉक्टरकडे जाण्याचा विषय कुणी काढला नाही. काढला असता तर त्यालाही ढकललं असतं.

खांद्याचं दुखणं गेलं. त्याच्या जागी, काही वर्षांनी, बोटांतला जीव जाऊ लागला. आधी करंगळी, मग अनामिका, मग मधलं बोट. बाळकृष्णराव म्हणत, "मुंग्या येतात." मुंग्या आल्या होत्या त्या गेल्याच नाहीत.

पहिली पक्कड पडली तेव्हा खाली सहाजण होते. ती कुणालाही लागली नाही. सगळ्यांनी ती बघितली आणि लगेच दुसरीकडे बघितलं. दुसऱ्या खेपेला पाना पडला तेव्हा चारच होते. मग माणसांना कामं निघू लागली. कार्तिक हा साईरामच्याच वयाचा वायरमन. बाळकृष्णरावांनी चढण्यासाठी कमरेला पट्टा बांधला की नेमका त्याला बायकोचा फोन येई आणि तो बोलत बोलत रस्त्यापलीकडे जाई. बायकोनेच एकदा सांगितलं की आपण दिवसा कधी फोन करत नाही. दुसरा कोणी गाडी सावलीत लावायला जाई. तिसऱ्याला चहाची तल्लफ येई. तोंडातून कुणी ब्र काढला नाही. बाळकृष्णरावांना दुखवायचं नव्हतं आणि डोकंही फोडून घ्यायचं नव्हतं. दोन्ही गोष्टी त्यांनी नीट सांभाळल्या.

शेवटी बुंध्याशी उरला एकटा साईराम.

त्याला कुठे जाता येत नव्हतं. बाकीचे गेले तर ते ऑफिसचे लोक. भाचा सरकला, जावई सरकला, तर मामांना कळणार. आणि त्यांना कळू नये म्हणून तर तो पडलेली प्रत्येक वस्तू आपल्या नावावर घेत होता. हेल्मेट मात्र तो घाली. मामांनी एकदा विचारलं, "मी वर असतां हें कशाला?" तो म्हणाला, "ऊन लागतें, मामा." त्याच्या खोटं बोलण्यात एक गुण होता, ते नेहमी त्याच्याच अंगाशी येणारं असे. सेक्शनमध्ये त्याचं नाव वेंधळा म्हणून झालं. ते नाव त्याने स्वतःच मिळवलं होतं, म्हणून कुणाकडे तक्रारही करता येईना.

त्याला भीती वाटत होती हे सांगायला हवं. रोज वाटत होती. मामांनी पट्टा बांधला की तो हेल्मेटची पट्टी हनुवटीखाली घट्ट करी. वर बघत उभं राहायचं आणि त्यांचा उजवा हात कुठे आहे तेवढंच बघायचं. एखादी वस्तू डोक्यावर आली तर संपलं, हे त्याला कळत होतं. आणि तोंड उघडलं तर मामा संपले, हेही कळत होतं. खांबावरून उतरवलेला लाइन इन्स्पेक्टर वर्षभर ऑफिसात खुर्चीवर बसून काय करेल, याचं चित्र त्याला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं.

पावसाळ्यानंतर वेण्णार नदीच्या काठावर एका खांबावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर बदलायचे होते. वस्तू लहान दिसते, पण नारळापेक्षा जड असते. बाळकृष्णरावांनी जुना इन्सुलेटर सोडवला, पिशवी जवळ ओढली, आणि पिशवीत घालण्याऐवजी साईरामच्या अंगावर घातला. साईराम बाजूला झाला, पण पुरता झाला नाही. इन्सुलेटर हेल्मेटच्या काठाला घासून डाव्या खांद्यावर बसला. गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. तो खाली बसला आणि पहिलं वाक्य त्याच्या तोंडून आलं ते असं, "मामा, दोर ओढला गेला."

बाळकृष्णराव त्या दिवशी ज्या वेगाने खाली आले तसे ते तरुणपणीही कधी आले नव्हते. त्यांनी साईरामला उचलून गाडीत घातलं, वाटभर त्याचं डोकं मांडीवर धरलं आणि ड्रायव्हरला शिव्या दिल्या. इस्पितळात रात्रभर ते खुर्चीवर बसून राहिले. सकाळी मामीने पाठवलेला दहीभात त्यांनी स्वतःच्या हाताने साईरामला भरवला. डाव्या हाताने. भरवता भरवता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडाचा पट्टा चालू होता.

"इतक्या वर्षांत माझ्या हातून कधीं कांहीं पडलें नाहीं. तूं दोर ओढून माझें नांव घालवलेंस. खा."

साईराम खात होता.

असिस्टंट इंजिनियर श्रीविद्या मॅडम भेटायला आल्या. कुंभकोणमच्या, वयाने तरुण आणि स्वभावाने सरळ. त्यांनी विचारलं, "नेमकं काय झालं?" साईराम म्हणाला, "माझी चूक, मॅडम." मॅडमनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, मग बाळकृष्णरावांकडे बघितलं. बाळकृष्णराव दुःखाने मान हलवत होते. मॅडमनी पुढे काही विचारलं नाही. पण सेक्शनमध्ये सुरक्षेचा वर्ग घ्यायचं त्यांनी ठरवलं, आणि वर्ग घ्यायला सेक्शनमधला सर्वांत अनुभवी माणूस निवडला.

तर अशा रीतीने वरून पडणाऱ्या वस्तूंपासून कसं वाचावं यावर बाळकृष्णरावांचं व्याख्यान झालं. ते उत्तम झालं, याबद्दल दुमत नाही. आवाज खणखणीत, उदाहरणं ताजी. मुख्य उदाहरण पहिल्या रांगेत हात गळ्यात बांधून बसलं होतं. "याच्याकडे बघा," बाळकृष्णराव म्हणाले. सगळ्यांनी बघितलं. "हा माझा भाचा. माझा जावई. तरी मी सांगतो, चूक याची. खाली उभ्या असलेल्या माणसाचं लक्ष नसेल तर वरचा कितीही पक्का असो, काय उपयोग?" कार्तिक खिडकीबाहेर बघत होता. शेवटी टाळ्या पडल्या. एका हाताने टाळी वाजवता येत नाही, म्हणून साईरामने मांडीवर थाप मारली.

घरी संगीताने हे सगळं ऐकून घेतलं. मानंबुचावडी या भागात दोन गल्ल्यांच्या अंतरावर माहेर आणि सासर, त्यामुळे तिला दोन्हीकडची खबर असे. चारचौघांत ती नवऱ्याला "तुम्ही" म्हणे. रागावली की लहानपणचं "तूं" बाहेर येई.

"सायी, तूं मला वेडी समजतोस कां? आई अप्पांना कॉफी अर्धा टंबलर देते, ठाऊक आहे? भरून दिली तर सांडते. मग आणखी अर्धा देते. अप्पा विचारतात, दोनदां कां? आई म्हणते, गरम राहते. आईही खोटें बोलते, तूंही बोलतोस. अप्पांना कोण सांगणार?"

"त्यांचें खांबावरचें एकच वर्ष राहिलें आहे."

"आणि तुझीं किती राहिलीं?"

साईरामने गळ्यातली झोळी सारखी केली.

"तूं हाडें मोडून घेतलींस म्हणून त्यांचा हात बरा होणार काय?" असं म्हणून ती आत गेली आणि आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला.

हात गळ्यातून सुटल्यावर एका रविवारी तो खरोखरच सांगायला म्हणून मामांकडे गेला. वाटेत वाक्य जुळवलं होतं. बाळकृष्णराव ओट्यावर बसले होते आणि खुशीत होते. चित्तिरै महिन्यात, म्हणजे तमिळ चैत्रात, मोठ्या देवळाचा रथ निघतो. चार राजवीथ्यांतून, म्हणजे जुन्या गावच्या चार हमरस्त्यांतून, तो फिरायचा म्हणजे रस्त्यावरून आडव्या गेलेल्या तारा आदल्या दिवशी उतरवून घ्याव्या लागतात आणि रथ गेला की पुन्हा ताणाव्या लागतात. त्यांतल्या पश्चिमेकडच्या मेलवीथीच्या तारा नोकरीत लागल्यापासून बाळकृष्णरावच उतरवत आले होते. "यंदा शेवटचें, सायी," ते म्हणाले. "देवाला वाट मोकळी करून देणारा हात हा." आणि त्यांनी उजवा हात वर धरला. करंगळीच्या बाजूची तीन बोटं आत वळलेली होती, ती सरळ झाली नाहीत. साईरामने हात बघितला, अर्धा टंबलर कॉफी प्यायली आणि जुळवलेलं वाक्य घेऊन तसाच घरी परतला.

रथाच्या आदल्या दिवशी सकाळी मेलवीथीत लाइन बंद केली. काथ्याचा दोर बांधून रस्ता अडवला होता आणि लोक त्या दोराखालून वाकून येत होते. श्रीविद्या मॅडम छत्री घेऊन उभ्या होत्या. बाळकृष्णरावांनी खांबाला हात लावून नमस्कार केला आणि ते चढले. कार्तिकला फोन आला. गाडी सावलीत न्यावी लागली. साईराम हेल्मेट घालून बुंध्याशी जाऊन उभा राहिला. सांधलेलं हाड आपोआप ठणकू लागलं.

समोरच्या घरातून वेंकूबाई बाहेर आल्या. ऐंशीच्या पुढच्या, कमरेत वाकलेल्या, मेलवीथीतल्या जुन्या मराठी घरांपैकी एका घरच्या. आपली माणसं उन्हात काम करताहेत म्हणून ताक घेऊन आल्या होत्या, आलं आणि कढीलिंब घातलेलं. त्या सरळ चालत बुंध्याशी आल्या आणि साईरामच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"आजी, येथें नको. तिकडे सावलींत उभ्या राहा."

"कां? तूं उभा आहेस कीं."

"मी कामाला आहें, आजी."

"मी ताकाला आहें," वेंकूबाई म्हणाल्या. "घे. मोठा टंबलर आहे, दोन्ही हातांनीं धर. तो वरचा बाळू ना? त्याच्या हातून कांहीं पडत नाहीं, सगळ्या गांवाला ठाऊक आहे." आणि त्यांनी मागे वळून दुसऱ्या दोघी बायकांनाही हाक मारली, "या गे इकडे, येथून नीट दिसतें." त्या दोघीही आल्या. साईराम तिथे निर्धास्त उभा आहे, म्हणजे जागा चांगलीच असणार, असा हिशेब सरळ होता.

साईरामने दोन्ही हातांनी टंबलर धरला. तो तोंडाला लावणार तोच वरून एक बोल्ट आला आणि वेंकूबाईंच्या पायाच्या बोटांपासून वीतभर अंतरावर डांबरात आपटून उडाला.

"माझेंच चुकलें," साईराम वर बघून ओरडला. "दोर ओढला गेला."

वेंकूबाईंनी त्याच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हातांत ताक होतं.

"कोणता दोर?" त्यांनी विचारलं.

दोर पलीकडे खांबाला टेकून लोंबत होता. साईरामनेही तिकडे बघितलं. इतके दिवस आपण एकटेच जीव धोक्यात घालतो आहोत, अशी त्याची समजूत होती, आणि तिचा त्याला थोडा अभिमानही होता. आता त्याला दिसलं की आपण इथे उभं राहून पुऱ्या रस्त्याला सांगत आलो आहोत, या, इथे काही पडत नाही. ती ऐंशी वर्षांची बाई त्याच्या शब्दावर तिथे आली होती. त्याला मामांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला.

त्याने टंबलर खाली ठेवला, वेंकूबाईंचा हात धरला, दुसऱ्या दोघींना पुढे घातलं आणि तो चालू लागला. रस्ता ओलांडून समोरच्या घराच्या ओट्यापर्यंत. वेंकूबाईंना बसवलं आणि तो त्यांच्या शेजारी उभा राहिला. परत गेला नाही.

वरून हाक आली, "सायी, पिशवी वर पाठव."

सगळा रस्ता ऐकत होता. कार्तिकने फोन कानाजवळून काढला.

"मी येत नाहीं, मामा."

"काय?"

"मी खालीं उभा राहणार नाहीं. तुमच्या हातून वस्तू पडतात." तो बोलत राहिला. "दोर कोणी ओढला नाहीं. कधींच ओढला नाहीं. तुमच्या बोटांत जोर राहिला नाहीं, मामा. खालीं या."

खांबाच्या बुंध्याशी आता कोणी नव्हतं. फक्त ताकाचा टंबलर होता. बाळकृष्णरावांनी खाली बघितलं. मग त्यांनी दोर स्वतः डाव्या हाताने ओढून पिशवी वर घेतली, पाना पिशवीत घातला, पक्कड घातली, उरलेले बोल्ट एकेक करून घातले, आणि पिशवी इतकी सावकाश खाली सोडली, जणू तीत अंडी असावीत. मागोमाग ते उतरले. पट्टा सोडून त्यांनी कार्तिकच्या हातात दिला. श्रीविद्या मॅडमनी कार्तिकला मानेने वर जायची खूण केली, आणि बाकी काही बोलायचं शहाणपणाने टाळलं.

बाळकृष्णराव रस्ता ओलांडून आले. साईरामला वाटलं की आता थोबाडीत बसणार. त्याने तोंड चुकवलं नाही.

"केव्हांपासून?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षें झालीं असतील."

"ती पक्कड?"

"तुमच्या हातून."

"ग्रीसचा डबा?"

"तुमच्याच."

"तो इन्सुलेटर..."

"हो, मामा."

"आणि तूं तेथेंच उभा राहत गेलास?"

"तुम्ही वर होतां ना."

बाळकृष्णरावांनी पुढे होऊन साईरामच्या शर्टाचं वरचं बटण काढलं, आणि हात आत घालून मोडलेल्या हाडावर उजव्या हाताची बोटं ठेवली. त्या बोटांना काही लागलं नाही. त्यांनी बोटं इकडे तिकडे फिरवली, जोराने दाबली. साईरामला दुखत होतं, मामांना हाड सापडत नव्हतं. मग त्यांनी डावा हात लावला. हाड सांधलं होतं तिथे सुपारीएवढा उंचवटा होता, तो लगेच हाताला आला. भर मेलवीथीत, वेंकूबाईंच्या देखत, बाळकृष्णराव रडू लागले. रडता रडता त्यांनी साईरामला दोन कडक शिव्या दिल्या, आणि हात काही तिथून काढला नाही.